शिसे माझे, कापड तिचे

दिनांक ९ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी साडेपाचला उठलो. गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली. दहा वाजता वकीलबाईंना मसुदा दाखवला. त्यांनी एकवीस ओळी खोडल्या. घरी येऊन त्यांपैकी एकोणीस पुन्हा लिहिल्या. जेवण झाल्यावर दोन वाजल्यापासून हा कागद पक्का करत बसलो आहे. साक्षीदारांना पाचला चहासाठी बोलावले आहे.

मी, शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, कारखान्यातून मोजमाप निरीक्षक म्हणून निवृत्त, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते येथे लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. तो मी सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे हेही सांगितले. हे लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेले नाही. कोणी फूस लावलेली नाही. मोठ्या मेहुण्यांनी तीनदा प्रयत्न केला, पण त्यांना यश आले नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र पत्नीच्या नावे होते. ती जाऊन येत्या सोमवारी अकरा महिने होतील. म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा हक्क, हे सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. ती दातांची डॉक्टर आहे. न्हाणीघराचे दार पावसाळ्यात फुगते आणि लागत नाही. सुताराला बोलावून ते रंधू नये. थंडीत ते आपोआप बरोबर होते. माझ्या पत्नीने एकदा मला न विचारता ते रंधून घेतले आणि पुढची सहा वर्षे आम्ही दाराला आतून बादली लावत होतो.

कलम २. बँकेतील ठेवी व खात्यातील शिल्लकही मुलीलाच.

कलम ३. माझी मोजमापाची हत्यारे, म्हणजे तीन मायक्रोमीटर, दोन व्हर्नियर, पोलादी ठोकळ्यांचा एक संच आणि भिंग, मी ज्या तंत्रशाळेत शनिवारी शिकवत होतो तिला द्यावीत. अट एकच. मायक्रोमीटरने कोणी नट आवळू नये. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. तो मुलगा आज मोठा अभियंता आहे, आणि त्याने बांधलेल्या पुलावरून मी जात नाही.

कलम ४. मोठे मेहुणे. म्हणजे पत्नीचे थोरले भाऊ. त्यांना मी ठासणीच्या बंदुकीचा वाकडा गज देत आहे. सरळ गज नाही, वाकडा.

कारण लिहिणे भाग आहे, कारण ते वेगळेच सांगत असतात. आमच्याकडे जी बंदूक आहे तिच्यात मागून काडतूस घालत नाहीत. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग तोंडावर तेलमेण लावलेल्या कापडाची चिंधी ठेवायची, तिच्यावर शिशाची गोल गोळी, आणि हे सगळे लांब गजाने ठासत खाली दारूवर नेऊन टेकवायचे. मग गज बाहेर काढायचा. यातले शेवटचे वाक्य मेहुणे विसरले. बावीस वर्षांपूर्वी, नेमबाजी मंडळाच्या वार्षिक सामन्यात, सर्वांसमक्ष, त्यांनी गज नळीतच ठेवून चाप ओढला. गज निशाणाच्या दोन हात वरून गेला आणि मागच्या मातीच्या बांधात शिरला. तो माझ्या वडिलांच्या हातचा होता. शोधायला दोन दिवस लागले. मेहुण्यांचे म्हणणे, वारा होता. वारा होता हे खरे आहे. माझी पत्नी त्यांची सख्खी बहीण, ती त्या दिवशी हसून हसून गवतात बसली, आणि घरी येताना मला म्हणाली की दादाला काही बोलू नका. मी बावीस वर्षे बोललो नाही. आता बोललो.

कलम ५. औषधवाले. मंडळात माझ्या पत्नीचे प्रतिस्पर्धी आणि आमचे शेजारी. माझ्या गोळ्यांच्या साच्यांवर त्यांचा बरीच वर्षे डोळा आहे. वकीलबाईंनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी त्यांना साक्षीदार केले आहे.

त्यांच्याविषयी माझा राग नाही. दुकानात ते गुंजभर औषध चुकवत नाहीत, पण एका अंतिम फेरीत नळीत दारू न घालताच गोळी ठासून बसले. आमच्यात याला कोरडी गोळी म्हणतात. ती उडत नाही, आणि स्क्रू लावून उपटून काढावी लागते. मंडळाचा रिवाज असा की ज्याने कोरडी गोळी घातली त्याचे नाव दाराशी पाटीवर खडूने लिहायचे, आणि दुसरा कोणी तीच चूक करीपर्यंत ते पुसायचे नाही. औषधवाल्यांचे नाव चौदा महिने राहिले. दुकानात लोक चौकशी करू लागले तेव्हा त्यांनी एका नवशिक्याला गप्पांत गुंतवून त्याला कोरडी गोळी घालायला लावली, असा माझा संशय आहे. पुरावा नाही.

कलम ६. ठासणीची बंदूक. नळीत आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा, पाडलेली, नळीचा व्यास १२.७० मिलिमीटर, परवाना पत्नीच्या व माझ्या नावे. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी खोडलेल्या बहुतेक ओळी याच्यातल्या.

नेम पत्नीचा होता. मी बरा नेमबाज कधीच नव्हतो. मी शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतायचो, एकेक मोजायचो, वजन करायचो, कमी भरेल ती परत भांड्यात. चिंध्या ती कापायची. तिचे शिवणकामाचे दुकान होते, आणि कापडाला हात लावलेला तिला खपत नसे. मी एकदा कात्री घेतली तर म्हणाली, ठेवा ती खाली, तुम्ही कापड कापत नाही, पत्रा कापता. तेव्हापासून घरात ठरून गेले. शिसे माझे, कापड तिचे. तिने माझी गोळी कधी मोजली नाही, मी तिची चिंधी कधी मोजली नाही.

तीन वर्षांपूर्वी तिची मनगटे धरू लागली. सकाळी बोटे उघडत नसत. गज खाली नेताना ती ओठ दाबून धरायची. मंडळाचा नियम आहे की ज्याला ठासणे जमत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने ठासावे, पण मग त्याचे नाव वेगळ्या यादीत जाते. मी एकदा तो नियम तिला वाचून दाखवला. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेव्हा मी एक गोष्ट केली. आमची मूळ गोळी १२.४५ ची होती. मी जुन्या कारखान्यात जाऊन लेथवर नवा साचा केला, १२.३२ चा. गोळी लहान झाली की चिंधीला जागा मिळते आणि गज सोपा जातो. साच्यावर मात मी १२.४५ हाच आकडा ठोकला. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी खोट्या मापावर शिक्का मारला नाही. हा एकच.

पहिल्या दिवशी गोळी सरकन खाली गेली. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, आज हात मोकळा वाटतो. मला बरे वाटले. पण त्या आठवड्यात सामना होता आणि तिच्या गोळ्या निशाणावर फाकल्या. सैल गोळी आट्यांना नीट धरत नाही. औषधवाले एका गुणाने जिंकले. विजेत्याची ढाल त्यांच्या दुकानात खोकल्याच्या औषधाशेजारी लागली. तिने चष्म्याचा नंबर बदलून घेतला.

महिन्याभरात गोळ्या पुन्हा एका जागी पडू लागल्या. मी म्हटले, चष्म्याचा गुण आला. पण गज पुन्हा जड जाऊ लागला. मी म्हटले, मनगट आणखी बिघडले. दुसरा साचा केला, १२.१९ चा. त्यावरही १२.४५. पुन्हा दोन आठवडे सोपे, पुन्हा सामन्यात गोळ्या फाकल्या, पुन्हा ढाल खोकल्याच्या औषधापाशी. पुन्हा चष्मा. पुन्हा हळूहळू नेम जमला आणि गज जड झाला. मी तिसऱ्या साच्याचे पोलाद आणून ठेवले होते. तेवढ्यात ती आजारी पडली, वेगळ्याच कारणाने, आणि सात आठवड्यांत गेली.

गेल्या जूनमध्ये तिची धाकटी बहीण शिवणाचे डबे आवरायला आली होती. तिने एक डबा माझ्यापुढे ठेवला. आत चिंध्यांची तीन पुडकी होती, प्रत्येकावर शिवणाच्या खडूने लिहिलेले. पहिल्यावर ‘नेहमीचे’. दुसऱ्यावर ‘जाड’. तिसऱ्यावर ‘गादीच्या खोळीचे, फार जाड. ह्यांना सांगायचे नाही.’

मी मायक्रोमीटर काढला. ०.३८, ०.४४, ०.५१. कापड गोळीच्या दोन्ही बाजूंना येते, म्हणजे हिशेब दुप्पट.

म्हणजे मी गोळी लहान करत होतो आणि ती चिंधी जाड करत होती. मी गज सोपा करायचो, ती तो पुन्हा अवघड करायची. नेम का हुकतो हे तिला कळले होते. सैल आहे, एवढे तिच्या बोटांना समजले, पण गोळी लहान असेल हे तिच्या मनातही आले नाही, कारण साच्यावर माझा आकडा होता. तिने दोष कापडाला दिला. धुऊन धुऊन विरले, असे तिला वाटले असावे. आणि जाड चिंधीने हात दुखतात हे मला कळू नये म्हणून तिने डबा वर ठेवला. अशी दोन वर्षे गेली. ज्या जागेवरून निघालो होतो त्याच जागेवर आम्ही दोघे अतिशय मेहनतीने उभे होतो.

मेहुणी हसायला लागली. मग तिच्या लक्षात आले की मी हसत नाही. मग मीही हसलो. त्यानंतर तिने चहा केला.

आता व्यवस्था. ही बंदूक माझ्या मुलीला मिळावी. ती अठराव्या वर्षापासून आईबरोबर मैदानावर जात होती आणि तिचा नेम आईचाच आहे. परंतु डिसेंबरात ती मला म्हणाली की बंदूक मामाला द्या, मला वेळ नाही. मामाने, म्हणजे मोठ्या मेहुण्यांनी, दिवाणखान्यात काचेची पेटीही करून घेतली आहे, आत दिवा लावलेली. नळीत लाकडी बूच बसवून ती शोभेला ठेवायची असा त्यांचा बेत आहे. त्यांच्या हातात ती तशीच सुरक्षित राहील, हे मी मान्य करतो.

पण वेळ नाही हे कारण खरे नाही. ती दवाखाना नऊला उघडायची, आता अकराला उघडते. बरणीचे झाकण फडक्याने धरते. डिसेंबरात मैदानावर तिने दारू ओतली, चिंधी ठेवली, गोळी ठेवली, आणि मग फोन आला म्हणून बाजूला गेली. फोन वाजलेला नव्हता. परत येऊन म्हणाली, चला बाबा, थंडी आहे. नळीच्या तोंडावरची गोळी मी काढली. तिच्या आईला सुरुवात झाली तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. मुलगी चौतीस आहे. ती मला सांगत नाही, आणि मी तिला विचारलेले नाही.

कलम ७. बंदुकीसोबत तिन्ही साचे व तिन्ही पुडकी मुलीला द्यावीत. साच्यांवरचे खोटे आकडे मी कानसीने काढून खरे ठोकले आहेत. वापराविषयी पुढीलप्रमाणे.

शिसे मऊच घ्यावे. नखाने ओरखडा उठला पाहिजे. मामा छापखान्यातले जुने शिसे देतील, ते कठीण असते, घेऊ नये. लांबट पोकळ बुडाची गोळी बाजारात मिळते आणि ती बोटाच्या दाबानेही खाली जाते, पण आपल्या नळीचे आटे संथ वळणाचे आहेत. तिला पुरेशी गिरकी मिळत नाही, आणि ती कागदाला आडवे भोक पाडते. मामांनी एक डबा आणून पाहिला आहे. गोल गोळीच बरी.

मनगट ठीक असेल त्या दिवशी १२.४५ ला नेहमीची चिंधी. नसेल त्या दिवशी १२.३२ ला नेहमीची, आणि गोळ्या थोड्या फाकतील हे धरून चालावे. त्याचा चष्म्याशी संबंध नाही. मेण एक भाग, एरंडेल दोन भाग, चिंधी त्यात नीट भिजलेली हवी. दर पाच बारांनंतर नव्हे, प्रत्येक बार उडाल्यावर ओल्या फडक्याने नळी पुसावी. निम्मा त्रास काजळीचा असतो, हाताचा नसतो. गोळी नळीच्या तोंडात बसवायच्या खुंट्याला मी नवी मूठ केली आहे, पेल्याच्या बुडाएवढी. तिच्यावर बोटे नकोत, तळवा टेकवावा आणि अंगाचा भार द्यावा. गज नळीच्या तोंडाजवळ धरून थोडा थोडा ढकलावा, एकदम नाही. गजावर खूण केली आहे. ती खूण नळीच्या तोंडाशी आल्याशिवाय गोळी दारूवर टेकलेली नाही. गोळी मध्येच अडकली तर चाप कधीही ओढू नये. नळी फुटते.

आणि गज बाहेर काढावा.

कलम ८. हे सर्व करूनही जमले नाही तर दुसऱ्याकडून ठासून घ्यावे आणि वेगळ्या यादीत नाव घालावे. ती यादी वाईट नाही. मी तो नियम तिच्या आईला वाचून दाखवायला नको होता. तिच्या शेजारी बसून नुसते विचारायला हवे होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्याखाली दोन साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही: मोजमाप निरीक्षक (निवृत्त)
साक्षीदार पहिले: औषधवाले, शेजारी
साक्षीदार दुसरे: नेमबाजी मंडळाचे चिटणीस
ठिकाण: स्वयंपाकघरातील टेबल. ९ फेब्रुवारी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

सह्यांखाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या आहेत. तरी लिहितो.

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही पाहायची असते. चिटणिसांनी तसेच केले आणि ते बिस्किटे घेऊन गेले. औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. डॉक्टरांचे अक्षर रोज वाचतात, माझे त्यांना जड गेले नाही. कलम पाचपाशी ते म्हणाले की नवशिक्याचा मामला निव्वळ योगायोग होता. कलम सहा त्यांनी दोनदा वाचले. मग चहाचा कप बाजूला ठेवला. मला वाटले ढालीविषयी काही बोलतील. ते म्हणाले, ‘हे पोरीला कधी कळणार?’

मी म्हणालो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात.

‘म्हणजे वीस वर्षांनी. तोवर ती काचेच्या पेटीतली बंदूक बघत बसणार.’ त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘निरीक्षक, बायकोनं डब्यात चिठ्ठी ठेवली, ती मेल्यावर तुम्हाला सापडली. आता तुम्ही ठेवताय. या घरात जिवंत माणसाला काही सांगायची पद्धत आहे की नाही?’

मी कागद आणि पेन पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि जाताना दारात म्हणाले की दोन्ही ढाली ते उद्या आणून देतात. मी म्हणालो की आणू नका, नियमाने त्या तुमच्याच. ते म्हणाले की दुकानातल्या त्या फळीवर त्यांना तशीही जागा हवी आहे.

ते गेल्यावर मी मुलीला फोन केला. ती शेवटचा रुग्ण उठवत होती. मी म्हटले, थोडे वाचून दाखवायचे आहे. ती म्हणाली, बाबा, बँकेचे काही असेल तर रविवारी बघू. मी म्हटले, बँकेचे नाही, आणि कलम सात वाचले. ‘मनगट ठीक असेल त्या दिवशी’ इथे तिकडचा नळ बंद झाल्याचे ऐकू आले. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचे वाचता आले नसते. ‘नळी फुटते’पर्यंत आलो.

ती म्हणाली, ‘तुम्हाला कसं कळलं? माझ्याकडच्या बरण्या मोजताय का?’

मी म्हणालो की झाकणे पाहिली, मोजली नाहीत. तेव्हा ती हसली, मग नाक ओढले, मग म्हणाली की सकाळी अर्धा तास गरम पाण्यात हात ठेवावे लागतात, ऑक्टोबरपासून. नवऱ्यालाही सांगितलेले नाही. मी म्हटले, त्याला आज सांग. ती हो म्हणाली. मग मी कलम सहा वाचून दाखवले. पुडक्यांवरच्या अक्षरांपाशी तिने मला ते पुन्हा वाचायला लावले, तिन्ही.

मग तिने विचारले, ‘बत्तीसच्या गोळीला मधलं कापड लावलं तर?’

मला उत्तर ठाऊक होते. मी म्हटले, ‘ते तू ठरव. कापडातलं मला कळत नाही.’

‘रविवारी नऊला येते. नाही, साडेदहाला. आणि मामाला तुम्ही सांगा.’

मी म्हणालो, मामाला तू सांग. त्यावर थोडी वादावादी झाली. शेवटी असे ठरले की मामाला मावशी सांगेल.

फोन ठेवला तेव्हा आठ वाजले होते. गच्चीवर गेलो. दोरीवरचे कपडे गार पडले होते. दोन सदरे, एक पंचा, एक उशीचा अभ्रा. काढून खाली आणले, टेबलावर ठेवले आणि एकेकाच्या घड्या घातल्या.